पाचशे सीसीची टर्बो मोटरसायकल: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मागच्या अंकात ट्रकच्या टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राची, निगा कशी राखावी ते लिहिलं होतं. जाता जाता होंडाच्या ‘सीएक्स 500 टर्बो’ या मोटरसायकलचा एका ओळीत उल्लेख केला, आणि पत्रं आली ती बहुतेक त्या एका ओळीवरच. म्हणून हा अंक त्या गाडीला. भोसरीत माझं रोजचं काम डिझेल इंजिनांच्या टर्बोंचं आहे, तरी या मोटरसायकलवर माझा फार जीव. काही उत्तरं लांबली आहेत, ती त्यामुळेच.

जगातली पहिली टर्बो मोटरसायकल कावासाकीची की होंडाची? कॉलेजात यावरून दोन तट पडलेत. कावासाकीवाले 1978 साल सांगतात, होंडावाले 1982. (डिप्लोमा, दुसरं वर्ष, सोलापूर)

दोन्ही सालं बरोबर आहेत. फरक आहे तो गाडी कुणी बनवली आणि तिची जबाबदारी कुणी घेतली, यात.

1978 साली अमेरिकेत कावासाकीच्या शोरूममध्ये ‘झेड-वन-आर टीसी’ नावाची गाडी मिळू लागली. मूळ गाडी 1015 सीसीची, चार सिलिंडरची, हवेवर थंड होणारी. तिच्यावर टर्बो बसवला होता तो कारखान्यात नव्हे, तर कावासाकीत पूर्वी अधिकारी असलेल्या अ‍ॅलन मासेक यांच्या टर्बो सायकल कॉर्पोरेशन या बाहेरच्या कंपनीत. इंजिन आतून जवळजवळ जसंच्या तसं होतं. पिस्टन तेच, आणि पिस्टनच्या जोरावर फिरणारा, तुकडे दाबून जोडलेला क्रँकशाफ्टही तोच. ताकद मात्र भलतीच वाढलेली. टर्बोचा दाब वाढवायचा स्क्रू मालकाच्या हाताला लागत असे आणि पुष्कळांनी तो पिळला. मग क्रँकचे जोड फिरायचे, पिस्टन वितळायचे. गाडीला वॉरंटी नव्हती, आणि हे आपल्याला ठाऊक आहे अशी सही गिऱ्हाइकाकडून आधीच घेतली जाई.

होंडाची गोष्ट वेगळी. 1980 साली जर्मनीत कोलोनच्या प्रदर्शनात सीएक्स 500 टर्बो पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि 1982 चं मॉडेल म्हणून विक्रीला आली. टर्बो धरूनच आखलेली, कारखान्याच्या साखळीवर तयार झालेली, पूर्ण वॉरंटीची. तेव्हा ‘दुकानात मिळणारी पहिली टर्बो मोटरसायकल’ म्हटलं तर कावासाकी, आणि ‘कारखान्याने टर्बो म्हणूनच घडवलेली पहिली’ म्हटलं तर होंडा. मला विचाराल तर मी दुसऱ्या बाजूचा. टर्बो लटकवणं एक आणि टर्बोसाठी इंजिन घडवणं दुसरं. आयुष्यभर दोन्ही प्रकार माझ्या टेबलावर आले आहेत, आणि कुठला किती टिकतो ते मी पाहिलं आहे.

एक नवल तुमच्या वादात कामी येईल. गाडी जपानी, पण खुद्द जपानात ती विकली गेली नाही. ती परदेशी पाठवण्यासाठीच होती.

आमची फाउंड्री आहे, ट्रकच्या टर्बोची हाउसिंग, म्हणजे बाहेरची आवरणं, आम्ही ओततो. ट्रकला टर्बो सर्रास असतो, मग दोन सिलिंडरच्या 500 सीसी मोटरसायकलला तो लावणं इतकं अवघड का मानतात? आकार लहान केला की झालं, असं नाही का? (कोल्हापूर)

तुम्ही हाउसिंग ओतता म्हणजे टर्बोचं अंग तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांसाठी थोडक्यात सांगतो. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू एक पंखा फिरवतो, तो टर्बाइन. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो कॉम्प्रेसर. तो बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली याचं पेटंट घेतलं, म्हणजे कल्पना मोटरसायकलच्या सुरुवातीच्या दिवसांइतकीच जुनी.

आता ट्रक घ्या. सहा सिलिंडर, म्हणजे क्रँक दर 120 अंश फिरला की एक सिलिंडर पेटतो. टर्बाइनवर वायूचा मारा जवळजवळ अखंड. इंजिन मिनिटाला हजार ते अडीच हजार फेऱ्यांत काम करतं आणि ड्रायव्हरचा पाय तासन्‌तास एकाच जागी असतो. डिझेल असल्याने सिलिंडरमध्ये आधी नुसतीच हवा दाबली जाते, ती कितीही दाबा, वेळेआधी पेटायला तिच्यात काही नसतं. टर्बोला याहून सुखाचं घर नाही.

सीएक्सचं इंजिन याच्या अगदी उलट. 497 सीसी, दोनच सिलिंडर, तेही एकमेकांशी 80 अंशांचा कोन करून. दोघांचा कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनवर. त्यामुळे एक सिलिंडर पेटल्यावर दुसरा 280 अंशांनी पेटतो आणि मग पुन्हा पहिल्याची पाळी यायला 440 अंश जातात. म्हणजे टर्बाइनला दोन धक्के, मग मोठी पोकळी, पुन्हा दोन धक्के. हवा आत घेण्याच्या बाजूलाही हेच. त्यात मोटरसायकलचा चालक थ्रॉटल सतत उघडतो, मिटतो, आणि इंजिन हजारापासून नऊ हजार फेऱ्यांपर्यंत वर-खाली होतं. टर्बोला बिघडवायला जे जे लागतं ते सगळं या गाडीत एकत्र आलं होतं, आणि होंडाने मुद्दाम हेच इंजिन निवडलं. पाण्यावर थंड होणारं, दणकट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेलं. चार सिलिंडरची सोपी इंजिनं त्यांच्याकडे होती, तरी ती बाजूला ठेवली.

पहिलं काम टर्बोचं. जपानच्या आयएचआय कंपनीने या गाडीसाठी त्या काळातला सगळ्यांत लहान म्हणावा असा टर्बो बनवला. चाक जेमतेम 5 सेंटिमीटर व्यासाचं. तळहातावर सहज मावेल. हे चाक मिनिटाला 1,80,000 फेऱ्यांच्या घरात जातं, म्हणजे सेकंदाला 3,000. व्यास 5 सेंटिमीटर धरून हिशेब करा. पात्याचं टोक सेकंदाला 470 मीटर कापतं. हवेत आवाज जातो सेकंदाला 340 मीटरच्या आसपास. म्हणजे पात्याचं टोक आवाजाच्याही पुढे, आणि हे सगळं चालकाच्या गुडघ्यांच्या पुढ्यात. दांडा फिरतो तो तेलाच्या पातळ थरावर तरंगणाऱ्या बेअरिंगमध्ये. तिथे बॉल बेअरिंग नाही. चाकाचा तोल एवढासा ढळला तर तो थर फाटतो आणि पितळी बुश दांड्याला घासतं.

ओतकाम करणाऱ्याला इथे एक गोष्ट सांगायला हवी. चाक लहान केलं की पाती आणि हाउसिंग यांच्यातली फटही त्याच प्रमाणात लहान करता येत नाही. मोठ्या टर्बोत जी फट चालून जाते तीच लहान टर्बोत हवेचा मोठा वाटा मागे सोडते. म्हणून ‘आकार लहान केला की झालं’ हे खरं नाही. लहान टर्बो मोठ्यापेक्षा अवघड, तुमच्या साच्यापासून ते शेवटच्या बॅलन्सिंगपर्यंत.

दुसरं काम हवेचं, आणि माझ्या मते या गाडीतली सगळ्यांत सुंदर कारागिरी इथे आहे. कॉम्प्रेसरमधून आलेली हवा थेट सिलिंडरकडे न नेता आधी एका बंद टाकीत सोडली. त्यात धक्के जिरतात आणि दोन्ही सिलिंडरांना शांत हवा मिळते. या टाकीला जोडून पातळ पट्टीचे रीड व्हॉल्व्ह बसवले. इंजिन मंद चालतं तेव्हा टर्बो फिरायला लागलेला नसतो, उलट त्याचं चाक हवेच्या वाटेत अडसर होऊन बसतं. अशा वेळी इंजिनाच्या ओढीने रीड उघडतात आणि हवा कॉम्प्रेसरला वळसा घालून एअर क्लीनरमधून सरळ आत येते. टर्बोने दाब धरला की तोच दाब रीड मिटवतो आणि हवा टर्बोच्या वाटेने येऊ लागते. ना मोटर, ना तार, ना चालकाने काही करायचं. चुलीतली आग भडकली की फुंकणी आपोआप बाजूला व्हावी, तशी ही सोय.

तिसरं काम इंधनाचं. हवेचा दाब असा क्षणाक्षणाला बदलत असेल तर हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर बिचारा काय करणार? म्हणून होंडाने या गाडीत पहिल्यांदाच आपल्या मोटरसायकलवर कॉम्प्युटरने चालणारं फ्युएल इंजेक्शन आणलं. हवेचा दाब, तिचं तापमान, थ्रॉटलचा कोन, इंजिनाचे फेरे हे सगळं मोजून कॉम्प्युटर दर खेपेला किती पेट्रोल सोडायचं ते ठरवतो. दाब मर्यादेबाहेर गेला की इंधन तोडतो. एखादा सेन्सर बंद पडला तर साठवलेल्या आकड्यांवर गाडी घरापर्यंत नेतो आणि डॅशबोर्डवर दिवा लावतो. 1982 सालच्या दुचाकीत!

चौथी अडचण पेट्रोलचीच. पेट्रोल मिसळलेली हवा फार दाबली, फार तापली, तर ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आधी आपोआपच पेटते. गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘नॉक’ करतं, आणि नॉक करणाऱ्या इंजिनाचा पिस्टन भोकं पडून बाहेर येतो. साध्या सीएक्स 500 चा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन वर येताना आतली हवा किती पट दाबली जाते तो आकडा, 10 ला 1 होता. टर्बोसाठी तो 7.2 वर आणला, पिस्टन फोर्ज केलेले घातले. दाब मात्र भरपूर दिला. बाहेरच्या हवेच्या वर सुमारे 1.2 बार, म्हणजे सिलिंडरकडे जाणारी हवा बाहेरच्यापेक्षा दुपटीहून जास्त दाबाची. इतकी दाबलेली हवा शंभर अंशांच्या बरीच वर तापते, आणि तिला थंड करणारा इंटरकूलर गाडीवर नव्हता. जागाच नव्हती. तरी साध्या गाडीची 50 अश्वशक्ती टर्बोत 82 झाली. 500 सीसीतून 82, रस्त्यावरच्या गाडीत, 1982 साली.

याची किंमतही चालकालाच मोजावी लागे. टर्बो जागा झालेला नसताना हे इंजिन कमी कॉम्प्रेशनमुळे साध्या सीएक्सपेक्षा मऊ, आणि गाडी वजनाने तीसपस्तीस किलो जास्त. थ्रॉटल उघडा, वाट पाहा, आणि मग अचानक सगळी ताकद एकदम. सरळ रस्त्यावर मजा येते. वळणात गाडी कललेली असताना ती ताकद आली तर मागच्या चाकावर काय बेतेल ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, तुमच्याकडे शर्यतींची परंपरा आहे.

माझी 350 सीसीची गाडी आहे. बाजारात कारचे जुने छोटे टर्बो स्वस्त मिळतात. बसवून मिळेल का? (सांगली)

नका बसवू. एक सिलिंडरच्या इंजिनात धक्क्यांमधली पोकळी सीएक्सपेक्षाही मोठी, हवेवर थंड होणारं हेड, नॉक ओळखणारा सेन्सर नाही, आणि क्रँक व क्लच दुप्पट ताकदीसाठी बनवलेले नाहीत. वर सांगितलेली चारही कामं तुम्हाला एकट्याने करावी लागतील. शिवाय कंपनीने नोंदवलेल्या रचनेत असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. अपघात झाला तर विम्याचे पैसे अडतील. टर्बोची आवड असेल तर तो जुना टर्बो जरूर घ्या, घरी उघडा, मोजा, पुन्हा जोडा. त्यातून पुष्कळ शिकाल.

होंडानंतर यामाहा, सुझुकी, कावासाकी सगळ्यांनीच टर्बो गाड्या काढल्या आणि चार वर्षांत सगळ्या बंद झाल्या. टर्बो खराब होता म्हणूनच ना? (नाशिक)

टर्बो खराब नव्हता. आधी गाड्या पाहू, कारण चौघांनी एकच कोडं चार तऱ्हेने सोडवलं आणि त्यात शिकण्यासारखं खूप आहे.

यामाहाची एक्सजे 650 टर्बो 1982 ची. त्यांनी कार्ब्युरेटरच ठेवले आणि दाबलेली हवा त्यांच्यातून फुंकली. ऐकायला सोपं, पण कार्ब्युरेटरमध्ये बाहेरून दाब आला तर फ्लोट बोलमधलं, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतलं, पेट्रोल उलटं ढकललं जातं. म्हणून बोललाही तेवढाच दाब द्यावा लागला आणि पेट्रोल पंपाचा दाबही हवेच्या दाबाबरोबर वाढवावा लागला. टर्बो इंजिनाच्या मागे, खाली. तिथवर पोहोचेपर्यंत एक्झॉस्टचा पाइप लांब, वायू थंड, म्हणून जाग यायला उशीर.

सुझुकीची एक्सएन 85 ही 1983 ची, 673 सीसी, नावातच 85 अश्वशक्ती. टर्बो सिलिंडरांच्या मागे, गिअरबॉक्सच्या वर. हिचं वळणावरचं वागणं चांगलं, पुढचं चाक 16 इंची. पण मला हिच्यात आवडते ती गोष्ट वेगळीच. पिस्टनच्या पोटावर खालून तेलाचे फवारे मारून त्यांना थंड ठेवलं होतं. पुढे 1985 च्या जीएसएक्स-आर 750 मध्ये सुझुकीने तेलावर थंड होणारं इंजिन आणलं, त्याचं बीज इथे आहे.

होंडानेही 1983 मध्ये आपली गाडी सुधारली. सीएक्स 650 टर्बो 674 सीसीची, कॉम्प्रेशन 7.8, दाब कमी केलेला, ताकद 100 अश्वशक्तीच्या आसपास. इंजिन मोठं, म्हणून टर्बो झोपलेला असतानाही गाडी पुढे सरकते. चालवायला ही पाचशेपेक्षा कितीतरी गोड, असं ज्यांनी दोन्ही चालवल्या ते सांगतात, आणि आकडे पाहिले की ते पटतं.

सगळ्यांत शेवटी, 1984 साली कावासाकी 750 टर्बो आली. बाकीच्यांनी काय केलं ते त्यांनी नीट पाहिलं होतं. 738 सीसी, 112 अश्वशक्ती, आणि टर्बो इंजिनाच्या अगदी पुढ्यात, एक्झॉस्ट पोर्टपासून वीतभर पाइपवर. वायू गरम असतानाच टर्बाइनवर आदळतो आणि लॅग, म्हणजे टर्बो जागा व्हायला लागणारा उशीर, बराच कमी होतो. जे गेज, सेन्सर आणि कॉम्प्युटरने सुटेना ते पाइप आखूड करून पुष्कळसं सुटलं. अमेरिकेत जे ग्लीसन यांच्यासारख्या वजनाने हलक्या, सरळ पट्टीवर गाड्या पळवण्यात मुरलेल्या चालकांकडून तिची चाचणी झाली आणि पाव मैल पावणेअकरा सेकंदांच्या आत निघाला. चौघींत चालवण्यासाठी एकच निवड म्हटलं तर मी हिला निवडेन. घडवण्याच्या हिमतीसाठी निवड म्हटलं तर पाचशेला.

मग बंद का झाल्या? एक कारण सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत एप्रिल 1983 मध्ये, हार्ले-डेव्हिडसनला सावरण्यासाठी, रेगन सरकारने 700 सीसीच्या वरच्या परदेशी मोटरसायकलींवर 45 टक्के जादा आयात कर बसवला. खरं तर हे टर्बोच्या पथ्यावर पडायला हवं होतं. लहान इंजिन, मोठी ताकद, कर नाही. पण जपानी कंपन्यांनी आपली 750 ची इंजिनं किंचित लहान करून 700 च्या आत बसवली आणि टर्बोशिवायच तो प्रश्न मिटवला.

खरं कारण मात्र कावासाकीच्याच शोरूममध्ये उभं होतं. त्याच 1984 साली त्यांची जीपीझेड 900 आर आली. 908 सीसी, पाण्यावर थंड होणारी, 16 व्हॉल्व्हची, 115 अश्वशक्ती. टर्बोपेक्षा ताकद जरा जास्त, वजन जरा कमी, लॅग अजिबात नाही, आणि दुरुस्तीला टर्बो, वेस्टगेट (टर्बाइनकडे जाणारा जादा वायू वळवणारी झडप), प्रेशर सेन्सर यांची भानगड नाही. मोटारीत मोठं इंजिन बसवायचं तर पूर्ण गाडी मोठी होते. मोटरसायकलमध्ये 750 च्या जागी 900 बसवायला फारसं काही लागत नाही. म्हणून मोटारीत टर्बोने घर केलं आणि दुचाकीत त्याला जागा उरली नाही. 1985 सरता सरता ही पिढी संपली.

एवढा खर्च, एवढं संशोधन, आणि हाती काय लागलं? विद्यार्थ्यांना हे उदाहरण ‘फसलेला प्रयोग’ म्हणून सांगावं का? (शिक्षिका, ठाणे)

कृपा करून तसं सांगू नका, बाई. शाळेच्या आवारात एखादी बीएस-6 अ‍ॅक्टिव्हा उभी असेल तर मुलांना तिच्यापाशी न्या. तिच्यात जी इंजेक्शन प्रणाली आहे तिला होंडा ‘पीजीएम-एफआय’ म्हणते. हेच नाव, हीच मूळ कल्पना होंडाच्या मोटरसायकलवर पहिल्यांदा आली ती सीएक्स 500 टर्बोवर. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे धुराचे बीएस-6 नियम आले आणि कार्ब्युरेटर नव्या गाड्यांतून जवळजवळ हद्दपार झाला. आज डिलिव्हरीची पोरं ज्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या दिवसभर पळवतात, त्यांतल्या बहुतेक नव्या गाड्यांत दाब, तापमान आणि थ्रॉटल मोजून पेट्रोल सोडणारा कॉम्प्युटर आहे. दुचाकीवर, खड्ड्यांत, पावसात, चिखलात असा कॉम्प्युटर टिकवायचा कसा, सेन्सर मेला तरी गाडी चालू कशी ठेवायची, हे होंडाला शिकावं लागलं ते या टर्बोपायी. टर्बोमुळे कार्ब्युरेटरचा मार्ग बंद झाला, म्हणून इंजेक्शन करणं भागच पडलं.

आणि हवा दाबायची कल्पनाही मेलेली नाही. कावासाकीने 2015 मध्ये निंजा एच-टू आणली. तिच्यात एक्झॉस्टवर नव्हे तर क्रँकवरून गिअरने फिरणारा कॉम्प्रेसर आहे, म्हणून वाट पाहणं नाही. होंडाने 2024 च्या मिलान प्रदर्शनात 75 अंशांच्या व्ही रचनेचं तीन सिलिंडरचं इंजिन दाखवलं, त्याचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. इंजिन मंद असो की जोरात, कॉम्प्रेसर कधी आणि किती फिरवायचा ते कॉम्प्युटर स्वतंत्रपणे ठरवतो. चाळीसेक वर्षांपूर्वी रीड व्हॉल्व्ह आणि टाकी लावून ज्या अडचणीशी झुंज दिली, तिच्यावरच हा नवा तोडगा. मुलांना दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवा. मुलं स्वतःच प्रश्न विचारतील.

मी मूळचा संगमनेरचा, हल्ली न्यू जर्सीत असतो. इथे एका गॅरेजात 1982 ची सीएक्स 500 टर्बो विकायला आहे. बरीच वर्षं उभीच आहे. घ्यावी का? घेताना काय पाहू? (न्यू जर्सी, अमेरिका)

घ्या असं मनातून म्हणावंसं वाटतं, पण आधी तपासा. तिथे ही गाडी नवी असताना 4,900 डॉलरच्या आसपास मिळे, आणि तेव्हाही ती महागच मानली जाई. आता सुटे भाग नवे मिळणं अवघड आहे, हे धरूनच किंमत बोला.

इंजिन सुरू करायची घाई करू नका. टर्बोच्या कॉम्प्रेसरकडची नळी सोडवा म्हणजे चाकाचं नाक दिसेल. दोन बोटांत ते धरून हलवा. बाजूला, म्हणजे वर-खाली, किंचित हललं तर घाबरू नका. तरंगतं बेअरिंग आहे, तेलाचा थर नसताना एवढी मोकळीक असायचीच. पण आत-बाहेर ढकलून पाहा. तिथे हलल्याचं बोटाला कळता कामा नये. कळलं, किंवा पात्यांची टोकं हाउसिंगला घासून चकाकलेली दिसली, तर टर्बो गेला म्हणून समजा. मग हलक्या हाताने फिरवून सोडा. चाक अलगद फिरत राहून थांबायला हवं. अडखळत थांबलं तर आत तेल जळून कोळसा झालेलं आहे.

हा कोळसा कसा होतो ते सांगतो, कारण गाडी घेतल्यावर तुम्हालाच तो टाळायचा आहे. जोरात चालवून आल्या आल्या किल्ली बंद केली की तेलाचा पंप थांबतो, पण टर्बाइन लालभडक असतं आणि चाक अजून फिरत असतं. बेअरिंगमध्ये अडकलेलं थोडंसं तेल तिथेच भाजलं जातं. आयएचआयच्याच बनावटीचा एक छोटा टर्बो माझ्याकडे जपानी डिझेल जीपमधून आला होता. तेलाची वाट इतकी बुजली होती की शिवणाची सुई जाईना. आतून निघाला तो खरवडलेल्या तव्यावरच्या काजळीसारखा कडक थर, आणि दांड्यावर बुशने पाडलेली निळी कडी. म्हणून घरी आलात की मिनिटभर इंजिन शांत चालू द्या, मगच बंद करा, आणि तेल चांगलं वापरा व वेळेआधी बदला.

सुरू केल्यावर एक्झॉस्टकडे पाहा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, टर्बोच्या सीलमधून किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, सेन्सर किंवा त्यांच्या तारांचे जोड गंजले असतील. उभ्या गाडीत हे फार होतं. एकेक कनेक्टर सोडवून साफ करा, निम्मे रोग तिथेच जातील. जुनं पेट्रोल इंजेक्टरमध्ये गोंदासारखं जमलेलं असेल, ते काढून साफ करून घ्यावे लागतील.

दोन दुखणी मात्र सगळ्याच सीएक्स घराण्याची आहेत. एक, वॉटर पंपाचा सील. इंजिनाच्या मागच्या आवरणाला खाली एक बारीक भोक ठेवलेलं आहे. तिथून पाण्याचा ओघळ दिसला तर सील गेलेला आहे. दुसरं, वीज तयार करणारा स्टेटर, तोही मागच्याच आवरणात. बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून फेरे वाढवा. व्होल्टेज 14 च्या आसपास चढलं नाही तर स्टेटरवर संशय घ्या. दोन्हीसाठी इंजिन फ्रेममधून उतरवावं लागतं, त्यामुळे एक करायचं तर दुसरंही त्याच वेळी करून घ्या.

गाडीबरोबर मूळ कॉम्प्युटर, मूळ टर्बो आणि कारखान्याचं सर्व्हिस मॅन्युअल मिळत असेल, चाकाला आत-बाहेर खेळ नसेल आणि मागचं भोक कोरडं असेल, तर विचार करत बसू नका. फेअरिंगचा रंग उडाला असेल, सीट फाटली असेल, ते पुढे होत राहील.